रेडिएटरखालच्या सोंगट्या

...आणि वर मलाच विचारतो, "आई, तुमचं घर असं ठोकतं का हो?" घर ठोकतं म्हणे! तुम्हाला सांगते, सेहेचाळीस हिवाळे काढले मी बफेलोच्या या घरात, तळघरातल्या त्या बॉयलरच्या वाफेवर, दारापाशी कमरेएवढा बर्फ साचला तरी या नळांनी कधी हूं की चूं केलं नाही... आणि हा टॉड, आमचे जावईबापू, मूळचे ॲरिझोनाच्या वाळवंटातले, उन्हाळ्यात हौसेनं माझ्या जमिनी घासून पॉलिश करून गेले, आणि ऑक्टोबरात मी बॉयलर लावते तर काय, धाड! धाड! मांजर जे फ्रिजवर चढलं ते उतरेचना.

नोव्हेंबरात लेक-जावई सुट्टीला आले. आल्या आल्या हा तळघरात, आणि बॉयलरच्या दाबाचा स्क्रू दीडवरून थेट पाचावर! का? तर, "जास्त दाब, जास्त ऊब, आई. साधं विज्ञान आहे." अरे बाबा, वाफ आहे ती, तोफ नव्हे. आमचे हे, कॅसिमिर, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, नेहमी म्हणायचे, "फेलिशिया, वाफेला ढकलायचं नसतं, वाट मोकळी ठेवायची." दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून आले की कोटसुद्धा न काढता खाली, बॉयलरमधलं बादलीभर गढूळ पाणी सोडायचे, काचेच्या नळीत पाणी कुठवर आलंय ते असं मान तिरकी करून बघायचे... माझ्याकडे कधी तसं बघितलं असेल तर शपथ!

तर पाचावर नेल्यावर काय झालं? दुप्पट धाड! मग आमची लेक, लोरेन, कमरेवर हात ठेवून, "आई, थँक्सगिव्हिंगच्या जेवणात एकदा जरी आवाज झाला ना, तर बॉयलर भंगारात आणि तू आमच्याकडे फिनिक्सला." मी? फिनिक्सला? जिथे नाताळात निवडुंगाला दिवे लावतात तिथे? म्हटलं, बघतेच.

जेवणाच्या आदल्या दिवशी माझी जपमाळ घरंगळली रेडिएटरखाली, म्हणजे खोली उबवणाऱ्या त्या वाफेच्या लोखंडी धुडाखाली. वाकले, बघते तर पाय उघडे! सोंगट्या कुठे गेल्या? "त्या लाकडी चकत्या होय?" जावईबापू खूश, "पोरांच्या जुन्या खेळातल्या अडकल्या होत्या, जमिनी घासताना मी काढल्या सगळ्या. आणि पातळी मोजायची नळी लावून बघितली, आता रेडिएटर कसे एका रेषेत!"

एका रेषेत! अहो, त्या यांनी मुद्दाम घातलेल्या होत्या! एकच नळ, वाफ त्यातूनच वर जाते, पाणी त्यातूनच खाली येतं, रेडिएटर नळाकडे जरासा कलता नको? नाहीतर पाणी तिथेच तुंबणार, वाफ येऊन त्यावर आदळणार, मग धाड नाही तर काय भजन ऐकू येणार? वाफ आहे ती, तोफ नव्हे... पण तिची तोफ केली या पोरानं.

चौऱ्याहत्तरावं चालू आहे मला. पण यांची पहार काढली, पोरांच्या जुन्या खेळाच्या डब्यातून सोंगट्या उपसल्या, सातही रेडिएटरांच्या पलीकडच्या पायांखाली दोन-दोन सरकवल्या, आणि स्क्रू परत दीडवर. जावई मागे मागे, "मी करू का, आई?" म्हटलं, बास, तू केलंयस तेवढं पुरे.

गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, टर्की मांडली, उकडलेल्या करंज्यांसारख्या पिरोगी मांडल्या, बॉयलर लागला. सगळ्यांचे काटेचमचे हवेत. रेडिएटरच्या शिट्टीतून हवा निघाली, फुस्स... आणि गप्प. नुसती ऊब. खरं सांगते, मला रडू आलं. वाटलं, हेच येऊन बसलेत शेजारी.

टॉडनं स्वेटर काढला. लोरेनकडे बघितलं. लोरेननं माझ्याकडे. "आई, तुला कुठेच न्यायचं नाही," म्हणाली, "आम्हीच इकडे राहायला येतो."

आले हो! आता दर रविवारी बादली घेऊन तोच उतरतो तळघरात, दाबाला हात लावत नाही, शिकला बिचारा. पण थर्मोस्टॅट? त्याचा काटा पार शेवटाला! आणि मी, फिनिक्सला न गेलेली बाई, भर जानेवारीत बिनबाह्यांचा झगा घालून पंख्याखाली बसलेय.