बोटीवरची हिंगाची फोडणी

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. नववीत शाळा सोडली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

तर, अलास्काहून बर्फाच्या समुद्रात जाणाऱ्या एका संशोधन बोटीवर मी स्वयंपाकी होतो. अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये वाढलेली मीराताई तिथे समुद्राचं पाणी तपासायची. पाण्यातून गंधकाचे वायू किती निघतात, हे तिचं मशीन हुंगून सांगायचं.

एकदा ती म्हणाली, "संदीप, आज आमटी करशील? प्लीज! बर्गर खाऊन कंटाळा आलाय यार."

माझ्याकडे आजवर कुणी फर्माईश केली नव्हती. मी आईने दिलेला हिंग सढळ हाताने फोडणीत टाकला.

थोड्या वेळाने ताई नाचतच जेवायला आली. "मशीनवर केवढं गंधक दिसतंय! ओ माय गॉड, धिस इज ह्यूज!"

"अभिनंदन, ताई," म्हणत मी आमटी वाढली. पहिल्याच घासाला ती थांबली.

"यात हिंग आहे?"

"भरपूर," मी लाजत सांगितलं.

"आणि तुझ्या किचनचा पंखा हवा कुठे सोडतो?"

"तुमच्या लॅबच्या दाराशी."

तिने कपाळावर हात मारला. "अरे, हिंगात गंधकच असतं!"

तपासायचं सगळं पाणी समुद्रातून पुन्हा काढावं लागलं. त्या थंडीत बाटल्या धरायला अर्थातच मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबचं दार वाजवलं आणि हळूच विचारलं, "ताई, ब्रेड भाजला तर चालेल ना?"