नानांची राहिलेली फेरी

काकू, जोगसर, हुसेनचाचा, गिरजाबाई आणि वाचनालयाच्या सर्व सभासदांनो,

इतक्या उन्हात तुम्ही सगळे आलात. खुर्च्या कमी पडल्या, काहीजण व्हरांड्यात उभे आहेत. माझा आवाज पोहोचत नसेल तर हात वर करा, मी मोठ्याने वाचेन. वाचेन म्हणते, कारण मी हे लिहून आणलं आहे. माझं पहिलं शिक्षण घरी झालं. वडील शिकवायचे आणि आत्या पाठ करून घ्यायची. खात्री असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा आमच्या घरचा पहिला धडा. आज मला कशाचीच खात्री नाही, आणि तोंड मात्र उघडावं लागतंय.

खरं तर आज इथे मी उभं राहायचं नव्हतं. हे काम संचालकांचं. ते गेल्या महिन्यात त्यांच्या देशी परत गेले. त्यांच्यामागून ग्रंथपालांचं. त्यांची दिल्लीला बदली झाली. आणि दोघंही नसले तर नानांचं. केंद्रातली निरोपाची सगळी भाषणं आजवर नानांनीच केली. उरलो मी आणि प्रोजेक्टर चालवणारे शेखभाई. शेखभाई म्हणाले, "ताई, फिल्लम लावायला सांगा, आत्ता लावतो. भाषण नको." म्हणून मी उभी आहे.

मुकुंदराव पाठक, आपले नाना, या केंद्राचे हेडक्लार्क, गेल्या आठवड्यात पुण्याला इस्पितळात वारले. हे वाक्य मी बऱ्याचदा लिहून पाहिलं. दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने ते हलकं होत नाही.

हे केंद्र परदेशी संस्थेचं. नगरमध्ये सगळे त्याला 'गोऱ्यांची लायब्ररी' म्हणतात. पुस्तकं, भाषेचे वर्ग, शनिवारचा सिनेमा, अधूनमधून चित्रांचं प्रदर्शन. बाहेरून एवढंच दिसतं. आत काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. इथे माणसं सारखी येतात आणि सारखी जातात. लांबून कुणीतरी येतं. पहिल्या उन्हाळ्यात आजारी पडतं. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बशीत ओतून चहा प्यायला शिकतं. टांगेवाल्याशी भांडण्यापुरतं मराठी येऊ लागतं. आपल्याला त्या माणसाची सवय होते, आणि मग मुख्यालयाचा हुकूम येतो. पुन्हा नवा माणूस, पुन्हा नवा उन्हाळा. हार आणायचं काम माझ्याकडे होतं. येणाऱ्याला हार, जाणाऱ्याला हार, दोन्ही कापड बाजाराच्या तोंडाशी बसणाऱ्या फुलवाल्याकडचे. मला लांबून बघितलं की तो विचारायचा, "काय ताई, आलंय का चाललंय?"

खरं सांगते, या येण्याजाण्याने मी थकले होते. कुणाशी ओळख करून घ्यायची, आणि कशाला, असं वाटायला लागलं होतं. नाना थकले नाहीत. का थकले नाहीत, ते मला परवा थोडं कळलं. ते पुढे सांगते.

नानांची फेरी तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तुम्हीच त्या फेरीतली माणसं आहात. पण व्हरांड्यात काही नवे विद्यार्थी आहेत, त्यांच्यासाठी सांगते. केंद्रात नवा माणूस आला, मग तो संचालक असो की माझ्यासारखी मदतनीस, की पहिल्या दिवशी नाना त्याला पायी गावात न्यायचे. गाडी नाही, टांगा नाही. चितळे रस्त्यावर हुसेनचाचांचं सायकलचं दुकान, मग शाळेत जोगसर, आणि शेवटी माळीवाड्याला गिरजाबाईंची भाजीची पाटी. नव्या माणसाने आपलं नाव स्वतः सांगायचं, समोरच्याचं स्वतः विचारायचं, आणि जे पुढे येईल ते खायचं. नाना मागे उभे राहायचे. भाषेचा कितीही घोळ होवो, मध्ये बोलायचे नाहीत.

मला नेलं तेव्हा हुसेनचाचांच्या दुकानापुढे माझी वाचाच बसली. चाचा म्हणाले, "नाना, गोरे साहेब बोलतात, ही आपली पोरगी बोलत नाही. कुठल्या देशाची आणली?" तेव्हा कुठे मी नाव सांगितलं. चाचा, आठवतं ना?

आणि जाणाऱ्याचीही फेरी असायची. तीच, उलट्या वाटेने. तिचा नियम वेगळा. कुणाचं काही आपल्याकडे राहिलं असेल तर ते परत द्यायचं. छत्री, भांडं, पुस्तक, काहीही. सगळं परत दिलं, प्रत्येकाकडे पाणी प्यायलं, की माणूस जायला मोकळा. नाना म्हणायचे, "गाव सोडायचं ते गावाला सांगून सोडावं. नाहीतर गाव वाट बघत बसतं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. मार्टिनसाहेबांच्या वेळी आम्ही ते बघितलं. मी तेव्हा नवीन होते. साहेबांना घरून तार आली, आई अत्यवस्थ. ते त्याच दुपारी टॅक्सी करून मुंबईला गेले. फेरी झाली नाही. पुढे नवे साहेब आले. पण गावाच्या लेखी मार्टिनसाहेब गेलेच नव्हते. गिरजाबाई त्यांच्या वाटणीचे पेरू बाजूला काढून ठेवायच्या आणि सुकले की आम्हाला बोल लावायच्या. नव्या साहेबांना सायकल हवी होती, तर हुसेनचाचा म्हणाले, "ती मार्टिनसाहेबांची आहे. ते आले आणि विचारलं तर?" नव्या साहेबांना सगळे मार्टिनसाहेबांचे पाहुणे समजायचे आणि विचारायचे, तुम्ही किती दिवस आहात? ते बिचारे माझ्यापाशी येऊन म्हणाले, "मी इथे आलो आहे की नाही, ते मलाच कळत नाही."

शेवटी नानांनी काय केलं? मार्टिनसाहेबांची हॅट खुंटीला राहिली होती, ती घेतली. त्यांनी चाचांकडून वापरायला आणलेली सायकल केंद्रातच होती, तीही घेतली. सायकलच्या सीटवर हॅट ठेवली आणि भर बाजारातून सायकल हातात धरून चालत निघाले. मला म्हणाले, "सुमन, तू हॅटवर लक्ष ठेव, पडता कामा नये." मी लाजेने अर्धी झाले होते. लोक बघत होते. नाना दर ठिकाणी थांबायचे, हॅट समोर ठेवायचे आणि साहेबांच्या वतीने सांगायचे, "आईचं बरं नव्हतं, म्हणून सांगता आलं नाही. तुमचं घेतलेलं हे परत." आणि साहेबांच्या वतीने पाणी प्यायचे. गिरजाबाईंनी त्या हॅटला चार शब्द सुनावले, तेसुद्धा नानांनी मान खाली घालून ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी चाचांनी नव्या साहेबांना सायकल दिली.

म्हणजे माणूस जाग्यावर नसला तरी त्याची फेरी दुसऱ्याला करता येते, हे नानांनीच घालून दिलं. मी ते इथे मुद्दाम सांगते आहे.

कारण नानांची स्वतःची फेरी झाली नाही.

त्यांचं निवृत्तीचं वय केव्हाच होऊन गेलं होतं. पण दर वेळी कुणीतरी नवं येणार असायचं, आणि मुख्यालय कळवायचं, पाठकांनी तेवढ्यापुरतं थांबावं. नाना थांबायचे. मग यंदा उन्हाळा असा आला. विहिरी आटल्या, केंद्राच्या नळालाही पाणी येईना. नानांना चालताना धाप लागू लागली. पुण्याला दाखवायला निघाले तेव्हा शेखभाई त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेले होते. त्यांनी सहज विचारलं, "नाना, फेरी?" नाना हसले. म्हणाले, "डॉक्टरला दाखवायला जाणाऱ्याची कसली फेरी रे? परवा येतोच आहे." पिशवीत एकच जोड कपडे घेतले होते.

क्रियाकर्म पुण्यातच उरकावं लागलं. नाना नगरला परत आले नाहीत.

परवा काकूंनी मला नानांच्या घरी बोलावलं. त्यांच्यापुढे एक पिशवी होती. तिच्यात हुसेनचाचांचा पाना होता, जोगसरांची छत्री होती आणि गिरजाबाईंचा पितळी डबा होता. तुमच्यापैकी प्रत्येकाची एकेक वस्तू. मला वाटलं, नाना विसरले असतील. काकू म्हणाल्या, "विसरतायत कसले! दर दिवाळीला आवरताना मी म्हणायचे, अहो, लोकांच्या वस्तू परत करा. तर म्हणायचे, मी कुठे चाललोय? जाणाऱ्याने परत करायच्या."

सगळ्यांना मोकळं करून पाठवणाऱ्या माणसाने स्वतःला मात्र तीन ठिकाणी अडकवून ठेवलं होतं. इतकी माणसं गेली तरी ते का थकले नाहीत, त्याचं उत्तर मला त्या पिशवीत दिसलं. कुणीही येवो-जावो, त्यांचं स्वतःचं गाव सुटणार नव्हतं.

काकू म्हणाल्या, "त्यांची फेरी तू कर. त्यांना असं न सांगता गेलेलं आवडायचं नाही. जीव अडकून राहील त्यांचा." मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर घाबरले, पण गेले. उलट्या वाटेने जायचं म्हणून पहिल्यांदा माळीवाड्याला गेले. गिरजाबाईंपुढे डबा ठेवला. गिरजाबाई, तुम्ही समोर बसला आहात. तुमचं बोलणं मी इथे सांगितलं तर रागावू नका.

गिरजाबाईंनी डब्याला हात लावला नाही. म्हणाल्या, "ह्यो डबा मी न्हाई घेनार."

मी म्हटलं, "बाई, तुमचाच आहे."

"माझाच हाय, मला ठावं न्हाई व्हय? डबा घेतला म्हंजी नाना गेलं. तुमच्या फेरीचं आमाला बी समद्यास्नी म्हाईत हाय."

"पण नियम आहे ना, बाई."

"नियम नानाचा. नानाला म्हनावं, तू ये आन् दे."

आणि पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत बसल्या. पाटीत त्या दिवशी थोडी चिंच आणि शेंगा होत्या, दुसरं काही नव्हतं. दुष्काळात भाजी कुठून येणार? त्यांची सून खडी फोडायच्या कामावर आहे. तरी त्या रोज पारनेरकडून एसटीने येतात आणि त्याच जागी बसतात.

मग जोगसरांनी छत्री घेतली. शेवटी मी हुसेनचाचांना पाना दिला. त्यांनी तो पुसून खिळ्याला लावला. तो खिळा त्यांनी इतकी वर्षं रिकामा ठेवला होता. पण डबा माझ्याजवळ राहिला, आणि डबा राहिला म्हणजे फेरी राहिली. काकूंचं म्हणणं, नानांना मोकळं करा. गिरजाबाईंचं म्हणणं, जाऊ देणार नाही. दोघींपैकी कुणाला मी चूक म्हणू? मला दोघींचं पटत होतं.

त्यात आणखी एक गोष्ट. उद्या सकाळच्या गाडीने केंद्राच्या नव्या संचालिका येत आहेत. त्यांचं नाव लुईझाबाई. त्यांना गावातून फिरवायला आता कुणी नाही. म्हणजे मी आहे. मी डबा घेऊन पुन्हा काकूंकडे गेले आणि विचारलं, "काकू, एक जाण्याची फेरी अर्धी राहिली आहे आणि एक येण्याची आली आहे. आधी कुठली करू?"

काकू परवापासून पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "अगं वेडे, येणाऱ्याला आधी फिरव. जाणारा आता कुठे पळून चाललाय?"

मग म्हणाल्या, "आणि डबा त्या नव्या बाईच्या हातात दे. रिकामा जाऊ दे. गिरजा भांडं रिकामं परत पाठवायची नाही."

एवढंच मी लिहून आणलं होतं. पुढचं कागदावर नाही.

गिरजाबाई, मी तुमच्याशी बोलते आहे. उद्या सकाळी लुईझाबाई तुमच्यापुढे येतील. त्यांच्या हातात तुमचा डबा असेल. त्या स्वतःचं नाव सांगतील. मी मागे उभी राहीन, मध्ये बोलणार नाही. तुम्ही तो डबा एकदाच हातात घ्या. तेवढ्याने नानांनी तुमचं परत दिलं, असं होईल. मग मूठभर शेंगा, चिंच, जे असेल ते घाला आणि त्यांना परत द्या. तेवढ्याने त्या इथे आल्या, असं होईल. डबा पुन्हा केंद्रातच राहील. त्या जातील तेव्हा त्यांनी तो आणून द्यायचा. कधी ते मला माहीत नाही. तोवर तुम्हाला आमच्याकडे डबा मागायला यायचा हक्क आहे. चालेल का?

तुम्ही मान हलवली. ती हो म्हणून हलवली, असं मी समजते.

चाचा, सर, उद्या आम्ही तुमच्याकडेही येणार. पाना आणि छत्री पुन्हा द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

मी अजून थकलेलीच आहे. उद्याच्या बाईसुद्धा एक दिवस जातील, आणि मलाच हार आणायला जावं लागेल. पण फुलवाल्याने विचारलं, आलंय का चाललंय, तर उद्या मी त्याला 'दोन्ही' म्हणून सांगणार आहे.

आता आपण उभे राहू या. काकू, तुम्ही बसूनच राहा. घड्याळ लावून शांतता पाळणं नानांना आवडायचं नाही. ते म्हणायचे, खिडकीबाहेर बघावं आणि मन भरलं की बसावं. ज्यांचं जेव्हा होईल त्यांनी तेव्हा बसावं. मी कुणाला थांबा म्हणणार नाही.

नाना, सावकाश जा. डबा उद्या पोचतोय.