रात्री लावायचं तेल

थोरली : इतक्यात संपली? मला चार महिने पुरते ही बाटली.

धाकटी : तुझा चेहरा जपून ठेवलेला. माझ्यावर काम जास्त निघालं.

थोरली : तीन थेंब सांगितले होते गं. तीनच. तळहातावर ओतून थापायचं नाही ते.

धाकटी : सुरुवातीला तेच केलं. तेल म्हटल्यावर माणूस चोळणारच. आईच्या गुडघ्यांना चोळते तसं चेहऱ्याला चोळलं आणि झोपले. सकाळी आरशात बघते तर उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसे गाल. दूधवाला विचारायला लागला, वाफ आली का अंगावर म्हणून.

थोरली : अगं, रेटिनॉल असतं त्यात. कातडीला सवय करावी लागते. आधी एक दिवसाआड लावायचं, दिवसा उन्हात जाताना क्रीम लावायचं. सगळं सांगितलं होतं मी.

धाकटी : सांगितलं होतंस. तू सांगतेस फार छान.

थोरली : झाले टोमणे सुरू. पण खरं सांगू का छोटे? फरक पडलाय. इकडे खिडकीशी ये जरा. बघ, कपाळावरच्या रेघा पुसट झाल्यात. रंगही उजळलाय. आणि गाल तर… हात लावू?

धाकटी : लाव. हल्ली त्यासाठीच असतो तो.

थोरली : म्हणजे?

धाकटी : काही नाही. चहा टाकते.

थोरली : चहा राहू दे. बस जरा समोर. किती बरं वाटलं मला तुझा फोन आल्यावर. इतकी वर्षं तुझा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "आईला कधी नेतेस?" कशी आहेस नाही, काय नाही. या वेळी म्हणालीस, तेलाची बाटली घेऊन ये. यांना म्हटलं, चला, बाई स्वतःकडे बघायला लागली एकदाची.

धाकटी : ते काय म्हणाले?

थोरली : ते काय म्हणणार? पाठ धरलीय त्यांची. उठता येईना की बसता येईना. त्यात घराला रंग काढलाय. सगळं सामान मधल्या खोलीत. त्यामुळे या वेळीसुद्धा आईला…

धाकटी : मी विचारलं का?

थोरली : नाही, पण तुझ्या मनात असणार ना.

धाकटी : नाहीये. तू उगीच पाठ करून आलीस सगळं.

थोरली : बघ. एवढा तुसडेपणा बरा नाही. मी काय मुद्दाम टाळते का? हॉटेलच्या काउंटरवर बसायची नोकरी. सकाळी सात म्हणजे सात. लोकांना हसून दाखवायचं दिवसभर. आई माझ्याकडे एकटी राहणार कशी? दिसत नाही तिला. पडली बिडली तर?

धाकटी : खरंय. इथं पडत नाही ती. इथं मी असते.

थोरली : म्हणून तर म्हटलं, तुझ्यासाठी काहीतरी करावं. मागच्या वाढदिवसाला तो केक आणणारा पोरगा आठवतो ना? "मोठ्या ताईंना आधी द्या" म्हणाला आणि ताट तुझ्यापुढे ठेवलं. मला तर तुझ्यासाठी वाईट वाटलं.

धाकटी : माझ्यासाठी नाही.

थोरली : मग कोणासाठी?

धाकटी : तुला लाज वाटली. त्या तुझ्या हॉटेलात कामाला असलेल्या दोघी होत्या ना टेबलावर, त्यांना कळलं होतं आपण जुळ्या आहोत ते. जुळ्या बहिणीची पंचाईतच असते. मी म्हातारी दिसले की तुझं वय बाहेर फुटतं. दुसऱ्याच दिवशी बाटली हातात दिलीस माझ्या.

थोरली : कायच्या काय. इतकं कडू कुठून येतं गं तुझ्या तोंडात?

धाकटी : तोंडात नाही, घरात आहे. तुला दोन दिवसांत चव कळत नाही.

थोरली : जाऊ दे. भांडायला नाही आले मी. आईला बघून येते.

धाकटी : थांब. आत्ताच डोळा लागलाय तिचा.

थोरली : नुसती बघते. दार का लावून घेतलंयस?

धाकटी : आवाज जातो आत.

थोरली : कसला आवाज? मशीन तर चादर टाकून झाकलंयस. कपडे शिवणं सोडलंस?

धाकटी : सोडलं नाही. शेजारच्या काकूंकडे जाऊन शिवते. त्यांचं मशीन घेते वापरायला, त्यांची ब्लाउजं फुकट शिवून देते.

थोरली : स्वतःचं मशीन असताना?

धाकटी : मशीनच्या आवाजानं ओळखेल ती. तुझ्या घरात शिलाई मशीन नाही.

थोरली : माझ्या घरात? छोटे, काय बोलतेस तू?

धाकटी : बस खाली. बस म्हणते ना. आणि हळू बोल. आपला आवाज एक आहे, पण दोन वेळा ऐकू आला तर घोळ होईल.

थोरली : मला भीती वाटायला लागली आता. बरी आहे ना आई?

धाकटी : मजेत आहे. इतकी मजेत मी तिला बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती. आता ऐक. लहानपणी तिला आपण दोघी ओळखू यायचो नाही, आठवतं?

थोरली : म्हणून तर तुला लाल रिबीन आणि मला निळी. आणि आपण अदलाबदल करायचो. ताप मला आला होता आणि औषध तुला पाजलं होतं तिनं.

धाकटी : तेव्हापासून ते तसंच चाललंय. तर, नजर गेल्यावर रिबिनीचा काही उपयोग राहिला नाही. आवाज सारखे. मग ती गालाला हात लावून ओळखायला लागली. खरखरीत ती छोटी, मऊ ती ताई. तू यायचीस तेव्हा आधी गाल चाचपायची तुझा, लक्षात असेल.

थोरली : हो. मला वाटायचं लाड करते.

धाकटी : लाडही असतील. तुझं तेल लावायला लागून दोन-अडीच महिने झाले होते तेव्हा. एकदा सकाळी तिचे केस विंचरत होते, तर हात वर करून माझा गाल चाचपला. दोनदा चाचपला. आणि म्हणाली, "ताई, आलीस गं?"

थोरली : आणि तू सांगितलं नाहीस?

धाकटी : तोंड उघडलं होतं मी. पण ती थांबली कुठे? माझा हात घट्ट धरला आणि कानाशी लागली. म्हणाली, "मला घेऊन चल इथून. ही छोटी दटावते मला. जेवण अळणी करते. थंड पाण्यानं अंग पुसते. तुझ्याकडे ने मला."

थोरली : अगं, आजारी माणूस काहीही बोलतं.

धाकटी : पाणी मी रोज गरम करते ताई. कोपर बुडवून बघते आधी. मीठ डॉक्टरांनी बंद केलंय. हे तुला माहीत आहे, तिलाही सांगितलंय, पण तिच्या दरबारात निकाल लागला होता. एवढी वर्षं जिनं उचललं, ठेवलं, तिच्याविरुद्ध फिर्याद आणि ती माझ्याच कानात. फार लागलं मला. मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

थोरली : छोटे…

धाकटी : मग तोंड धुतलं, परत आले आणि म्हटलं, "हो आई. न्यायलाच आलेय."

थोरली : काय?

धाकटी : रिक्षा बोलावली. तिला घेऊन गावभर फिरवून आणलं. ती वाटभर हसत होती. तेवढ्यात काकूंनी आणि त्यांच्या मुलानं खाट फिरवून ठेवली होती. डोकं होतं तिकडे पाय. खिडकी डावीकडची उजवीकडे गेली. चादर नवी, साबण नवा, तू वापरतेस तो. घड्याळ काढलं, त्याचे टोले ओळखीचे. खाटेवर बसल्यावर तिनं हातानं सगळं चाचपलं आणि म्हणाली, "ताई, घर छान आहे गं तुझं."

थोरली : तू वेडी झालीस का? आईला फसवतेस? आंधळ्या म्हातारीला?

धाकटी : मी कुठे फसवलं? "पुढच्या महिन्यात नेते, दिवाळी झाली की नेते" हे तू म्हणत होतीस. मी तुझा शब्द पाळला.

थोरली : शब्द असा पाळतात?

धाकटी : दुसऱ्या कुठल्या प्रकारानं पाळला जाताना दिसत नव्हता.

थोरली : आणि तिला कळत नाही? हात आहेत तुझे. सुयांनी टोचलेले, साबणानं उललेले. त्यावरून कळेलच ना.

धाकटी : पहिले काही दिवस रबरी हातमोजे घातले. त्यावर म्हणाली, "तुझ्याकडे सगळं कसं स्वच्छ. नाहीतर ती." आता रात्री हातांनाही लावते तेल. म्हणून बाटली लवकर संपली. तुला वाटलं मी नटायला लागले.

थोरली : देवा.

धाकटी : तेच जेवण जेवते. तसंच अळणी. पण आता बोटं चाटते, "ताईच्या हाताला चव आहे" म्हणते. तीच गोळी, पण कडू लागत नाही. खरा त्रास एकच आहे. मला चिडता येत नाही. चादर ओली केली, वाटी लवंडली, तरी गोड बोलायचं. तू कधी चिडत नाहीस ना. चार दिवसांसाठी येणारं माणूस कशाला चिडेल?

थोरली : माझी चेष्टा करून झाली असेल तर थांब आता.

धाकटी : चेष्टा नाही. मला वाटलं होतं, एकदा तरी विचारेल. "छोटी कशी आहे गं? एकटी पडली असेल, जेवली असेल का?" रोज वाट बघते मी. जेवताना मुद्दाम विषय काढते, म्हणते, छोटीचा फोन आला होता. ती म्हणते, "बरं. जरा उशी सरकव."

थोरली : असं नको म्हणूस. आतून असते माया. बोलून नाही दाखवत.

धाकटी : तुझ्याबद्दलची बोलून दाखवते.

थोरली : हे बघ. झालं ते झालं. मी नेते तिला. खरंच नेते. यांची पाठ बघू, रंग बघू. रजा काढते. उद्या सकाळीच गाडी करू. ऐकतेस ना? तुला हेच हवं होतं इतकी वर्षं.

धाकटी : हो. हेच हवं होतं.

थोरली : मग?

धाकटी : मग आता तिला कुठे नेणार? ती तुझ्याकडेच आहे.

थोरली : आपण सांगू तिला खरं काय ते.

धाकटी : काय सांगशील? की तू न्यायला आलीच नव्हतीस? की जिच्या हातचं गोड लागतंय ती छोटी आहे? माझं काय, मला सवय आहे. पण एकदा सांगितलंस तर तिची ताई जाईल. आणि तुझ्या घरी नेऊन महिन्याभरात परत आणून सोडशील तेव्हा काय सांगायचं तेही ठरवून ठेव.

थोरली : परत आणीन असं का धरून चालतेस?

धाकटी : आत्ता दारातून आलीस तेव्हा आईची चौकशी कितव्या वाक्याला केलीस, आठव. आधी बाटलीचं बोललीस.

थोरली : ही घे तुझी नवी बाटली.

धाकटी : बाटली ठेव तिथं मशीनवर. आणि पुढच्या वेळी दोन आण. तुला स्वस्तात मिळते ना.

थोरली : मला तिला भेटू तरी दे. एवढी लांबून आलेय. जवळ बसते, हात लावते. आई आहे ती माझी.

धाकटी : भेट की. पण ती गाल चाचपेल. तुझाही मऊ, माझाही मऊ. दोन ताया कुठून आणू मी? एकीला छोटी व्हावं लागेल. मी आता व्हायची नाही, मला जमणार नाही ते.

आई : (आतल्या खोलीतून) ताई, अगं ताई. कोण बोलतंय बाहेर?

थोरली : जागी झाली.

धाकटी : आले हं आई. छोटी आलीय.

आई : छोटी? ती कशाला आलीय इथं? मला न्यायला?

थोरली : काय सांगू?

धाकटी : आवाज तोच आहे आपला. तूच सांग तिला. या वेळी तरी खरं सांग.

आई : बोलत का नाही कोणी? मी जायची नाही हं तिच्याबरोबर. मी इथं सुखात आहे. ताई, सांग तिला.

थोरली : घाबरू नकोस आई. मी छोटी. न्यायला नाही आले मी तुला.