पुरात इंजिनाची धार

मी दुचाकीचा मेकॅनिक, तरी गावच्या बोटीचं जुनं इंजिन मीच खोललं की! पेट्रोल खेचणाऱ्या पंपातला फाटका रबरी पडदा बदलला आणि पाण्याच्या पिंपात चालवून बघितलं. झ्याक चाललं.

पूर आल्यावर गोठ्याच्या पत्र्यावर अडकलेल्या नामाआबांना आणायला गेलतो. म्हशी त्यांनी आधीच हलवल्या हुत्या. परतताना नेमकं ओढीच्या पाण्यात इंजिन बंद. पंप पेट्रोलच खेचंना.

म्हटलं, "आबा, पेट्रोलच्या नळीवरचा ह्यो रबरी फुगा हातानं दाबत ऱ्हावा. थांबलासा तर दोघं बी वाहून जाऊ."

आबा दाबत बसले. इंजिन चाललं. मी बोट काठाकडं वळवली.

काठावर लोकांनी इचारलं, "आबा, भ्या न्हाई वाटलं?"

"भ्यायला सवड कुठं? धार काढत हुतो. दूध दिलं न्हाई, पर लाथ बी मारली न्हाई."