पहिली सही

आम्ही मूळचे नागपूरकडचे. माझे आजोबा सरकारी कचेरीत बाबू होते, राज्य नवीन झालं आणि राजधानी भोपाळला आली तेव्हा कचेरीबरोबर ते पण आले, टी. टी. नगरला क्वार्टर मिळालं, आणि दोन वर्षांत परत जाऊ म्हणता म्हणता तिथंच रिटायर झाले. बाबा कारखान्यात टर्नर लागले म्हणून आम्ही कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीला, माझा जन्म पिपलानीचा. नाव मनोज ठवकर, पण ह्या नावानं मला फक्त बँकेत बोलावतात, बाकी सगळीकडे कप्तान. आई पण म्हणते, कप्तान, सिलिंडर लाव. आणि माझी मराठी ऐकून हसू नका, माझी पुण्याची चुलतसासू हसते, म्हणते जावईबापू हिंदीच बोलतात, फक्त शेवटी आहे लावतात. काय करू, दिवसभर ग्राउंडवर हिंदीत ओरडतो मी.

तुम्ही बसा, मी उभाच बरा. एका जागी बसवत नाही मला. पहिले असं नव्हतं, ह्या एक-दीड वर्षातलं आहे हे. वैशाली, म्हणजे माझी बायको, ती शाहपुऱ्याच्या शाळेत शिकवते, ती म्हणते तू जेवताना पण वॉर्म-अप करून राहिलास.

तर बाबा कारखान्याच्या टीममधून खेळायचे. ड्यूटी सुटली की घरी नाही, सरळ ग्राउंडवर, तेलाचे हात तसेच. त्यांनी एका मशीनवर सगळी नोकरी काढली. दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं होतं एकदा, चांगली जागा होती, बाबा म्हणाले माझ्या मशीनवर दुसरा कोणी उभा राहिलेला मला बघवणार नाही. आई अजून त्यावर चिडते. मी मात्र हे ऐकून मोठा झालो, मला ते फार भारी वाटायचं. माणूस म्हणजे असा पाहिजे असं डोक्यात बसलं ते बसलंच.

मी एकविसाव्या वर्षी ह्या क्लबात आलो. क्लबाचं नाव नका लिहू. भोपाळचाच आहे, मोठ्या लीगमध्ये नाही, तिच्या खालच्या, पण प्रोफेशनल, आणि आमच्या गावात फुटबॉलवर पोट चालणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. मी मधल्या फळीत खेळतो. लांब पास चांगला, पाय जड, हे मीच सांगतो म्हणजे दुसऱ्यानं सांगायला नको. गोव्याहून बोलावणं आलं, कोलकात्याहून आलं, मी गेलो नाही. वैशाली म्हणते तुझं पहिलं लग्न क्लबाशी झालं, मी दुसरी. हसून म्हणते, पण म्हणते. सात सीझन मी कप्तान होतो.

आता आमच्या क्लबातली एक रीत सांगतो, ती कळली नाही तर बाकीचं कळणार नाही. सीझनच्या आधी एक दिवस असतो, सहीचा दिवस. दुसऱ्या क्लबांत खेळाडू एकेकटा ऑफिसात जातो, एजंटला घेऊन, करार वाचतो, भांडतो, सही करतो. आमच्याकडे तसं नाही. ड्रेसिंग रूममध्ये टेबल लावतात, पोहे-जलेबी येते, सगळे गोल उभे, आणि पहिली सही कप्तानाची. मग तो पेन शेजारच्याला देतो, तो त्याच्या शेजारच्याला, असा पेन फिरतो. हे कुठून आलं, तर खूप आधी क्लब बंद पडायला आला होता, मालक सोडून गेला, तेव्हाच्या कप्तानानं सगळ्यांसमोर कोऱ्या कागदावर सही केली, म्हणाला जो काही क्लब उरेल त्यात मी आहे. त्याच्यामागे सगळ्यांनी केली. क्लब वाचला. तेव्हापासून तिथं उभं राहून कागद वाचणं म्हणजे, काय सांगू तुम्हाला, जेवायला बोलावलेल्या घरी भाजी हुंगून बघण्यासारखं. कोणी वाचत नाही. कप्तान तर नाहीच नाही.

मी पण नाही वाचला. सहा वर्षं नाही वाचला आणि सातव्या वर्षी पण नाही. आमचे मॅनेजर सक्सेना साहेब, त्यांनी कागद पुढे सरकवला, म्हणाले हर साल वाला ही है, कप्तान. मी सही मारली, असा झटका देऊन, सगळे बघून राहिले होते नं, आणि पेन इम्रानला दिला.

इम्रान आमचा गोलकीपर. जुन्या भोपाळचा. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, पण आमची जोडी. मला कधी मनोज नाही म्हणाला, तिकडच्या बोलीत लांबूनच हाक मारायचा, को खां कप्तान, आज पास पहुंचेगा कि डाक से भेजोगे. मी मागे न बघता बॉल द्यायचो, कारण इम्रान तिथं असणार हे मला माहीत असायचं. नवरा-बायकोत पण एवढं नसतं.

त्या सीझनच्या मध्यात त्याला गोव्याच्या क्लबाचा फोन आला. वरच्या लीगचा क्लब, त्यांचा पहिला कीपर जखमी झाला होता, लगेच ये म्हणाले. इम्रान नाचला अक्षरशः. आणि क्लबानं नाही म्हटलं. कराराप्रमाणे मधे जाता येणार नाही. तो माझ्याकडे आला, म्हणाला कप्तान, तू बोल, तुझं ऐकतील. मी गेलो सक्सेना साहेबांकडे टी. टी. नगरच्या ऑफिसात, मोठ्या तोऱ्यात गेलो, आणि त्यांनी शांतपणे कागद काढला, अकराव्या नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं, म्हणाले कप्तान, सबसे पहले तो आप ही ने साइन किया है. तेव्हा मी ती ओळ आयुष्यात पहिल्यांदा वाचली. खेळाडूला सीझनच्या मधे जाता येणार नाही, क्लबाला मात्र खेळाडूला केव्हाही सोडता येईल, कारण सांगावं लागणार नाही. त्या वर्षी नवीन घातलेली ओळ होती. हर साल वाला नव्हता कागद.

आता तिथून बाहेर येऊन मी इम्रानला सांगायला पाहिजे होतं की बाबा रे, मी वाचलंच नव्हतं. एवढंच. पण नाही सांगितलं. लाज वाटली. सात वर्षांचा कप्तान, आणि वाचलं नव्हतं म्हणू? मी काय केलं, मी त्याला भाषण दिलं. म्हणालो, ओळ आहे ती बरोबरच आहे, सगळे असेच मधे पळाले तर टीम कशी राहील, मी नाही का राहिलो, थांब, पुढल्या वर्षी सन्मानानं जा. बाबांची मशीनची गोष्ट पण सांगितली. तो खाली बघून ऐकत राहिला, मग म्हणाला, तुम कहते हो तो ठीक है. आणि राहिला. मला त्या दिवशी बरं वाटलं, हे सांगायला जीभ जड होते, पण वाटलं.

दीड महिन्यानं एका मॅचमध्ये तो कॉर्नरला उडी मारून पडला आणि खांदा निखळला. नुसता निखळला नाही, आतून फाटला. मीच त्याला धरून बाहेर नेलं, रस्ताभर मला म्हणतो, दूसरे कीपर को बोल, बाईं तरफ वाला ऊंचा मारता है. ऑपरेशन झालं, आणि गळ्यात झोळी असतानाच क्लबाचं पत्र गेलं घरी. करार संपवण्यात येत आहे. अकरावी ओळ. गोव्याला गेला असता तर तिथंही पडला असता का, देवाला ठाऊक. पण तिथं पडला असता तर त्याच्या स्वतःच्या मर्जीनं पडला असता नं.

मी भेटायला गेलो दोनदा. त्याची अम्मी चहा करायची, तो मॅचबद्दलच विचारायचा. मी बोलून यायचो इकडचं तिकडचं. मग जाणं कमी केलं. भ्याड म्हणा मला, चालेल, मीच म्हणतो.

नंतर सीझन तर खेळलो, पण काय खेळलो. मागे पास द्यायच्या आधी वळून बघायला लागलो. कोच म्हणाला वय झालं. वय नव्हतं ते. शाहपुऱ्याच्या तलावाला चकरा मारायचो, चार-चार चकरा, घरी आलो की परत बाहेर. टीममधले सगळे असंच समजून होते की कप्तानानं वाचून, विचार करून सही केली होती. काही म्हणायचे कप्तान मॅनेजमेंटचा माणूस आहे. वैशालीला खरं सांगितलं तर ती म्हणाली, वाचलं नाहीस हे मला सांगून काय उपयोग, मी थोडीच तुझ्यामागे सही केली.

तर ह्या वर्षीचा सहीचा दिवस. टेबल, पोहे, जलेबी, सगळं तेच. सक्सेना साहेबांनी कागद सरकवला, तेच शब्द, हर साल वाला ही है. मी पेन उचललाच नाही. मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. पहिल्या ओळीपासून. इंग्रजी कागद, माझं इंग्रजी कारखान्याच्या शाळेतलं, एकेका शब्दाला अडखळत होतो, मग त्याचं हिंदी करून सांगत होतो, पोहे गार झाले. कोणीतरी मागून हसलं. साहेब म्हणाले कप्तान, ये क्या तमाशा है. मी म्हणालो, साहेब, मागच्या साली मी वाचला नव्हता, म्हणून ह्या साली वाचतोय. मग टीमकडे वळून परत सांगितलं, नीट ऐका, मागच्या साली मी नाही वाचला, इम्रानला थांब म्हणून जे भाषण दिलं ते नंतर, ते झाकायला दिलं, खोटं दिलं. मग पुढे वाचत गेलो. अकरावी ओळ तशीच होती. त्या दिवशी पेन फिरला नाही. सगळे कागद घरी घेऊन गेले, आमच्या क्लबात हे पहिल्यांदाच झालं.

आठ दिवस खूप फोन झाले, खूप गरम झालं. शेवटी क्लब थोडा वाकला. एक ओळ वाढवली, की दुखापतीत असलेल्या खेळाडूला सीझन संपेपर्यंत काढणार नाही आणि इलाज क्लब करेल. बाकी अकरावी तशीच. आणि कप्तानी माझ्याकडून काढून घेतली. आमच्या सेंटर-बॅकला दिली, चांगला माणूस आहे, त्याच्यावर माझा राग नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. मी पण केली, सगळ्यात शेवटी. मी जाणार कुठे, सांगा, चौतिसाव्या वर्षी. आणि खरं सांगू, जायचंच नाही मला. एवढं होऊन पण जर्सी घातली की छाती भरून येते, ह्याचा मला स्वतःचाच राग येतो.

मग मी इम्रानकडे गेलो. तो आता त्याच्या मेहुण्याच्या स्कूटर पार्ट्सच्या दुकानात बसतो. वरच्या फळीवरचा खोका काढायचा होता, त्यानं स्टूल घेतलं. गोलकीपर आहे हो तो, क्रॉसबारला उभ्या उभ्या हात लावायचा. मी नवीन ओळीचं सांगितलं. तो म्हणाला, अच्छा हुआ, लड़कों के काम आएगी. आपल्या कामाची नाही हे दोघांना कळत होतं. मग मी एका दमात सांगून टाकलं, इम्रान, मी तेव्हा वाचला नव्हता रे कागद.

तो हसला. म्हणाला, मला माहीत आहे, मी तुझ्या शेजारीच तर उभा होतो. मला त्या दिवशी थोडी शंका होती, गोव्याची बोलणी आधीपासून जराशी चालू होती, म्हणून मी ठरवून आलो होतो की आज कागद वाचायचा, कोणी हसलं तर हसलं. पण तू न बघता सही मारलीस. मला वाटलं, कप्तानला बघायची गरज नाही तर मी कोण बघणारा. आणि मी पण न बघता मारली.

मी तिथं बसलो, त्याच्या स्टुलावर. मी इतके दिवस समजत होतो की माझं न वाचणं ही माझी एकट्याची चूक, लपवलेली, कोणाला न दिसलेली. तीच तर त्याला दिसली होती, तिच्यावरच तर त्यानं भरोसा ठेवला होता. त्यानं चहा मागवला. मला पिता नाही आला. तो म्हणाला, पी ना यार, तुझ्यावर राग असता तर चहा कशाला मागवला असता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

आता सांगण्यासारखं फारसं नाही. खेळतो आहे, अर्धा वेळ बाहेर बसतो, कप्तानाचा पट्टा दुसऱ्याच्या दंडावर. अजून एक सीझन, फार तर दीड. इम्रानला मुलगी झाली मागच्या महिन्यात, देव तिला सुखी ठेवो, तिच्या बापाचा खांदा धड करो, त्यानं तिला डोक्यावर घेऊन फिरवावं. आणि परवाचं सांगतो. टीममध्ये एक नवीन डिफेंडर आला आहे, एजंटानं त्याला कसलातरी करार दिला होता सही करायला, तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मी म्हणालो, आधी वाच, घरी जा, नीट वाच, मी एवढा तमाशा केला तो कशासाठी. त्यानं मान हलवली, कागद माझ्या हातात ठेवला, आणि म्हणाला, आप पढ़ लो ना कप्तान, आपने पढ़ लिया तो बस. मी खिशातून चष्मा काढून लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो.