एका वेळी एकच टीव्ही

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीदादांनी मासिक उघडलं होतं खरं. पण गाल सुजलेली बाई मैत्रिणीशी बोलू लागली आणि त्यांचे कान तिकडे गेले.

“धाकट्या जावेनं टीव्हीला लावून नेटवरचे सिनेमे बघायची ती नवी कांडी आणली, तेव्हापासून आमचे हे रोज चहा झाला की वरच्या मजल्यावर, तिच्याकडे. सासूबाई तर आधीच तिकडे.”

“मग तूही घे की कांडी!”

“घेतली. तिच्यापेक्षा भारीतली. पासवर्ड तेवढा तिचाच वापरते.”

“दिला तिनं?”

“लगेच! ‘घ्या की ताई, त्यात काय!’ इतकं गोड बोलते, अंगाचा तिळपापड होतो.”

“आले मग तुझे हे खाली?”

“कुठले! पण एक कळलं. तिच्या खात्यावर एका वेळी एकच टीव्ही चालतो. मी लावला की तिचा बंद.”

“अगं बाई!”

“ते वर टेकले रे टेकले, की मी खाली लावते. परवा अख्खी संध्याकाळ मगरी बघितल्या.”

“बरी जिरवलीस! आता काय करतात वर?”

“पत्ते खेळतात. हसणं खालपर्यंत ऐकू येतं. आमचे हे स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढे हसले नव्हते.”

“मग टीव्ही चालू ठेव आणि तूही जा वर.”

शिंपीदादांनी मासिक मिटलं.

“कशी जाऊ? तो मेला मध्येच थांबून विचारतो, ‘अजून बघताय ना?’ हो म्हणायला घरात कुणीतरी नको?”