सुधारानीचं काळीज

न्हाई अण्णा, फोटो मागून काढा, आधी लिहून घ्या — तुमच्या पेपरात येऊ द्या की या चंद्रम्माच्या लेकीच्या काळजाला कायबी झालेलं न्हाई. ती बघा, पळायलीय. आजारी माणूस असं पळतंय व्हय? डॉक्टर म्हणला, नाडी लई सावकाश हाय, काळीज मोठं झालंय, भिंत जाड झालीय. मग? होणारच की. हुलसूरच्या या मैदानात रोज पहाटे पळत मोठी झालीय ती — बैलाच्या खांद्याला घट्टा पडला म्हणून बैलाला कुणी आजारी म्हणतंय का? तिला पळायला शिकवणारे सर बी तेच सांगतात, एका ठोक्यातच जास्तीचं रगत ढकलतंय ते काळीज, मग त्यानं घाई कामून करावी?

डॉक्टरला बी पटलं, बरं का — म्हणला, व्हय अक्का, सरावानं होतंय असं, पण रोगानं बी असंच दिसतंय. तीन महिने पळणं बंद ठेवा. सरावाचं असंल तर काळीज परत लहान होईल, रोगाचं असंल तर न्हाई. तीन महिने — आणि राज्याच्या संघाची निवड पुढच्या आठवड्यात. बेंगळूरची पोर असती तर घरी बसा म्हणला असता का?

वरून विचारतोय, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, काळजाच्या दुखण्यानं? न्हाई म्हणलं, ठणकावून. खोटं कामून बोलू? दुखण्यानं कोण गेलंच न्हाई आमच्यात. हिचा बाप तर — अण्णा, तसं मरण कुणाला येतंय — आंघोळ करून पूजेला बसला, तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले, आणि बसल्या जागी लिंगैक्य झाला. चौतिशीत. मुडबीचे स्वामी म्हणले, रडू नको, पुण्यवंताचं जाणं हाय हे. पैलवान गडी, कधी तापानं बी निजला न्हाई. हां, त्या दिवशी आखाड्यातनं आला तवा म्हणला होता, छातीत कसंतरी धडधडायलंय, पण ते—

लिहायचं कामून थांबलाव? असं काय बघायलाव? दुखणं नव्हतं ते. लिंगैक्य झाला म्हणून लिहा. सारं गाव भजन म्हणत आलतं मागं, विचारा कुणालाबी.

न्हाई. नका लिहू. पेन ठेवा खिशात. जावा तुम्ही.

सुधे — ए सुधारानी, बास कर. इकडं ये.

पळू नको. चालत ये.